तूट कोणाच्या नावे?

रात्री साडेआठ-नऊची वेळ. दुकान वाढवायची तयारी चाललेली असते. शटर अर्धे खाली आलेले, दिवसभराच्या पावत्या एका बाजूला, नोटांच्या गड्ड्या दुसऱ्या बाजूला. रोकड मेळाला घेतली जाते आणि साडेतीन हजार रुपये कमी भरतात. पुन्हा मोजणी होते. आकडा तोच राहतो. गादीवरचे शेठजी काही बोलत नाहीत. फक्त चष्मा काढून गल्ल्यावरच्या माणसाकडे पाहतात. दुसऱ्या दिवशी त्याला गल्ल्यावरून उठवून गोदामात माल उतरवून घ्यायला पाठवले जाते. महिनाअखेरीस पगारातून साडेतीन हजार वळते होतात. पुढे कधीतरी बँकेचा उतारा पाहताना कळते, की एका जुन्या गिऱ्हाइकाने ती रक्कम मोबाइलवरून थेट दुकानाच्या खात्यात भरली होती आणि घाईत ती रोखीची विक्री म्हणून लिहिली गेली होती.

पैसे परत दिले जातात. प्रकरण मिटले, असे दुकानातल्या सर्वांना वाटते. पण त्या माणसाने मधल्या दिवसांत घरी बायकोला काय सांगितले, रात्री त्याला झोप लागली का, शेजारच्या दुकानदारांच्या नजरा त्याने कशा चुकवल्या, याची नोंद कोणत्याही कीर्दीत होत नाही. रकमेची तूट भरून निघते. मनात पडलेली तूट तशीच पुढे ओढली जाते.

असे प्रसंग बाजारपेठेत नवे नाहीत. गुमास्ता, दिवाणजी, विक्रेता, हिशेबनीस, गोदामपाल यांच्या भरवशावर व्यापारी घराण्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. त्यांच्याशी होणाऱ्या न्याय-अन्यायाचा विचार मात्र बहुधा पगार आणि बोनस यांपाशी थांबतो. कामाच्या ठिकाणच्या अन्यायाने माणसाचे मन आतून कसे खचते, हे समजून घेण्यासाठी अलीकडच्या काळातले एक मोठे, कागदोपत्री सिद्ध झालेले उदाहरण उपलब्ध आहे. ते ब्रिटनमधले आहे. पण त्याचा गाभा गल्ल्यातल्या तुटीचाच असल्यामुळे कोणत्याही व्यापाऱ्याला ते चटकन उमगेल.

एका टपाल खात्याची कथा

ब्रिटनमध्ये गावोगावची टपाल कार्यालये बहुतांशी सबपोस्टमास्तर चालवतात. ते काटेकोर अर्थाने पगारी नोकर नसून करारावर काम करणारे लोक असतात. अनेकांचे किराणा, वर्तमानपत्रे आणि शुभेच्छापत्रे यांचे छोटे दुकान असते आणि त्याच छपराखाली टपालाची खिडकी. निवृत्तिवेतन काढायला येणारे वृद्ध, पाकिटे टाकायला येणारी मुले, सगळ्यांशी त्यांची ओळख. गावात पत मोठी. भारतीय वंशाची अनेक कुटुंबेही या व्यवसायात होती.

१९९९ पासून या कार्यालयांत ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबप्रणाली बसवण्यात आली. ती पुढे फुजित्सू या कंपनीच्या ताब्यात होती. थोड्याच काळात ठिकठिकाणच्या हिशेबांत तूट दिसू लागली. कोणाकडे काही शे पौंड, कोणाकडे हजारो. करारानुसार तूट भरून देण्याची जबाबदारी सबपोस्टमास्तरवर टाकली जाई. लोकांनी बचत मोडली, घरे गहाण टाकली, नातेवाइकांकडून उसने घेतले आणि तूट भरली. पुढच्या महिन्यात ती पुन्हा उभी राहिली.

मदतकक्षाला दूरध्वनी केला की अनेकांना एकच उत्तर मिळे: अशी अडचण आणखी कोणालाच नाही, फक्त तुम्हालाच आहे. हे उत्तर खरे नव्हते. पण एका खेड्यातल्या माणसाला दुसऱ्या खेड्यातली तूट कशी कळणार? टपाल खात्याकडे स्वतः खटले भरण्याची व्यवस्था होती. ज्याच्या पैशांचा वाद, तोच तपास करणारा आणि तोच फिर्याद चालवणारा, अशी ही रचना. पुढील दीड दशकात टपाल खाते आणि अन्य यंत्रणा यांनी भरलेल्या खटल्यांत होरायझनच्या आकड्यांच्या आधारे नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे आरोप. काहींना तुरुंगवास झाला.

सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीट येथील सीमा मिश्रा या त्यांपैकी एक. सुमारे ७४ हजार पौंडांच्या तुटीबद्दल ११ नोव्हेंबर २०१० रोजी त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गर्भवती होत्या आणि तो त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. पोटात बाळ नसते तर आपण जीव दिला असता, असे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांनी मदतकक्षाला नव्वदाहून अधिक वेळा दूरध्वनी केले होते. सुमारे २५ हजार पौंडांच्या तुटीचा दिवाणी दावा ते हरले आणि खटल्याच्या खर्चापोटी तीन लाख पौंडांहून अधिक रकमेचा बोजा अंगावर येऊन दिवाळखोर झाले. गावात त्यांना चोर म्हटले जाई. मुलांना शाळेत छळले गेले.

लँडडनो येथील ॲलन बेट्स यांनी मात्र न पटलेल्या हिशेबावर मान डोलवण्यास नकार दिला. २००३ मध्ये त्यांचा करार संपवण्यात आला. त्यांनी इतरांना शोधायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये पीडितांची संघटना उभी राहिली. पुढे ५५५ जणांनी एकत्र दावा दाखल केला. त्या दाव्याचे न्यायमूर्ती फ्रेझर यांनी मार्च २०१९ मध्ये म्हटले, की हा करार दीर्घ संबंधांचा असल्यामुळे दोन्ही पक्षांनी परस्परांशी सद्भावाने वागणे त्यात गृहीतच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी प्रणालीतील दोष मान्य केले. सबपोस्टमास्तरांच्या नकळत दुरून त्यांच्या हिशेबात फेरफार करता येत होता, ही वर्षानुवर्षे नाकारलेली गोष्टही उघड झाली. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. २०२४ मध्ये तर ब्रिटिश संसदेने कायदा करून शेकडो जणांना एकदम निर्दोष ठरवले.

त्यानंतरही खरा हिशेब बाकी होता. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी आयोगाने जुलै २०२५ मध्ये अहवालाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. या प्रकरणामुळे किमान तेरा जणांनी आपले जीवन संपवले असण्याची शक्यता त्यात नमूद आहे. किमान ५९ जणांच्या मनात तसा विचार आला होता. नैराश्य, दारूचे व्यसन, मोडलेले संसार, उद्ध्वस्त झोप यांची नोंद पानोपानी आहे. यातला पैसा कधीच हरवला नव्हता. हरवली होती ती माणसे.

मन कशाने मोडते

व्यापारात तोटा सर्वांनाच होतो. भाव पडतो, माल अडकतो, उधारी बुडते. माणूस हळहळतो आणि पुन्हा उभा राहतो. मग या लोकांना नेमके कशाने मोडले? त्यांच्या कहाण्या शेजारी शेजारी ठेवल्या तर तीन गोष्टी वारंवार दिसतात.

पहिली, म्हणणे ऐकून न घेणे. निकाल आधी ठरलेला आणि चौकशी नंतर. आपण खरे बोलत आहोत हे ठाऊक असूनही ते सिद्ध करण्याचा मार्गच उरत नाही, तेव्हा माणूस बाहेरच्याशी भांडणे सोडून स्वतःशी भांडू लागतो. अनेक सबपोस्टमास्तरांना कालांतराने वाटू लागले, की आपणच कुठेतरी चुकत असू.

दुसरी, एकटे पाडणे. ‘फक्त तुलाच ही अडचण कशी येते?’ हे वाक्य वरवर प्रश्नासारखे असते. पण त्यात माणसाला इतरांपासून तोडण्याची ताकद असते. लाज माणसाला गप्प करते आणि गप्प राहिल्याने लाज वाढते.

तिसरी, शेवट न दिसणे. दंड भरला तरी संशय संपत नाही. दर महिन्याला तोच आकडा, तीच धास्ती. शरीर संकटाला तोंड द्यायला सज्ज होते, ते थोड्या काळापुरते. महिनोन्‌महिने तीच सज्जता राहिली की झोप, पचन, रक्तदाब, एकाग्रता या सर्वांवर तिचा भार पडतो.

याच्या उलट अनुभवही या प्रकरणात आहे. साउथ वॉर्नबरो या खेड्यातल्या जो हॅमिल्टन यांच्या डोळ्यांदेखत, मदतकक्षाने सांगितलेल्या सूचना पाळत असताना, पडद्यावरची तूट दुप्पट झाली होती. तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांनी खोटे हिशेब लिहिल्याचा आरोप कबूल केला. पण त्यांच्या गावाने त्यांना चोर मानले नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढून रक्कम उभी केली आणि न्यायालयातही ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अन्याय तोच होता. तो सोसण्याचे बळ मात्र निराळे होते. आपल्यावर कोणाचा तरी विश्वास आहे, ही जाणीव औषधासारखी काम करते.

अभ्यासकांचे निष्कर्ष

कामाच्या ठिकाणचा न्याय हा गेली सहा दशके अभ्यासाचा विषय आहे. १९६० च्या दशकात जे. स्टेसी ॲडम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडले, की माणूस केवळ आपल्याला किती मिळाले एवढेच पाहत नाही. आपण घातलेले कष्ट आणि मिळालेला मोबदला यांची तुलना तो शेजाऱ्याच्या कष्ट-मोबदल्याशी करतो. पुढच्या अभ्यासकांनी त्यात भर घातली: निर्णय कोणत्या पद्धतीने घेतला आणि तो सांगताना कसे वागवले, यांचेही वजन मोठे असते.

जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास व्यापाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवडे १५ टक्के पगारकपात झाली. एका कारखान्यात वरिष्ठांनी बसून सविस्तर कारण सांगितले, आकडे दाखवले, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्या कारखान्यात थोडक्यात निर्णय ऐकवला. चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या. पण जिथे नीट समजावून सांगितले होते, तिथे त्या खूपच कमी होत्या. कपात सारखीच होती. फरक होता तो वागणुकीचा.

याच अभ्यासकाने २००६ मध्ये रुग्णालयांतल्या परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेतनपद्धती बदलून पगार घटला, तेव्हा त्यांच्या निद्रानाशाच्या तक्रारी वाढल्या. जिथे पर्यवेक्षकांना आदराने, खुलासा करून बोलण्याचे प्रशिक्षण दिले होते, तिथे तो त्रास लक्षणीय कमी होता. ब्रिटनमध्ये १९८५ पासून दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांवर चाललेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात, वरिष्ठ आपल्याशी न्यायाने वागतात असे मानणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगभर दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मन खचलेल्या माणसाची किंमत शेवटी धंद्यालाच मोजावी लागते.

पेढीवरचे रूप

मोठ्या कंपनीत अन्याय झाला तर तक्रार करायला निदान एखादा विभाग असतो. पेढीवर मालक हाच विभाग, हाच न्यायाधीश आणि अनेकदा हाच वादी. टपाल खात्याच्या रचनेत जो दोष होता, तो लहान दुकानात जन्मतःच असतो. म्हणून मालकाची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

इथला अन्याय क्वचितच दुष्टपणातून होतो. बहुधा तो सवयीतून होतो. गिऱ्हाइकासमोर माणसाला टाकून बोलणे. वीस वर्षांच्या अनुभवी दिवाणजीने सुचवलेली गोष्ट बाजूला सारून, काल शिकून आलेल्या पुतण्याचे तेच म्हणणे उचलून धरणे. घरच्या मुलाच्या हातून चूक झाली तर ‘अनुभव नाही’ आणि नोकराच्या हातून झाली तर ‘लक्ष नाही’. पगाराची तारीख ठरलेली नसणे. मागितल्यावर उचल देणे, पण चारचौघांत त्याची आठवण करून देणे. सुटी मागणाऱ्याला ‘दुकान बंदच करू का?’ असे विचारणे. गल्ल्यावरचा कॅमेरा चोरासाठी बसवायचा आणि त्यातून दिवसभर मोबाइलवर माणसाच्या हालचाली पाहत राहायचे.

यांतली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटते. रोजची झाली की तिचे ओझे होते. आणि हा अन्याय केवळ नोकरांपुरता नसतो. काकांच्या हाताखाली वर्षानुवर्षे बसणारा, हिश्शाबद्दल काहीच न सांगितला गेलेला पुतण्या किंवा घरून दुकानाचा सगळा हिशेब सांभाळूनही ‘मदत करते’ एवढीच ओळख असलेली सूनही त्याच घुसमटीत असू शकते.

खचलेला माणूस बहुधा तक्रार करत नाही. म्हणूनच त्याच्या वागण्यातला बदल पाहावा लागतो. बोलका माणूस गप्प होतो. कधी न चुकणाऱ्याच्या बेरजा चुकू लागतात. एकच पावती तो तीनतीनदा तपासतो. डबा अर्धा परत जातो. पित्त, डोकेदुखी, छातीत धडधड अशा कारणांनी सोमवारच्या रजा वाढतात. डॉक्टरांच्या तपासणीत शरीरात काही निघत नाही. ‘याचे लक्ष उडाले’ असे म्हणण्याआधी ते कधीपासून उडाले आणि त्याआधी दुकानात काय घडले होते, हे आठवून पाहिले तर पुष्कळदा उत्तर सापडते.

तूट आली तर

न्यायाने वागणे म्हणजे डोळे मिटून विश्वास टाकणे नव्हे. अफरातफरी होतात आणि मालकाने सावध राहिलेच पाहिजे. पण सावधपणाची पद्धत असते आणि ती बँकांच्या रोजच्या कामात शतकानुशतके घासून तयार झालेली आहे. तिचा पहिला नियम असा, की फरक आला तर आधी हिशेब तपासावा, मग माणूस.

मोजणी दोघांनी करावी, नोटांचा तपशील कागदावर लिहावा आणि दोघांनी सही करावी. मग फरकाच्या आकड्याकडे पाहावे. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा: ५,४०० चे ४,५०० लिहिले की ९०० चा फरक येतो. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे दिसते का, ते पाहावे. जमेची रक्कम नावे पडली तर फरक दुप्पट दिसतो. आता यात मोबाइलवरून आलेल्या रकमांची भर पडली आहे. त्या दुकानाच्या खात्यात, मुलाच्या खात्यात की अजून वाटेतच आहेत, हे उताऱ्यावरून जुळवून घ्यावे. घरच्या कोणी गल्ल्यातून चिठ्ठीशिवाय पैसे उचलले का, हेही मोकळेपणाने विचारावे. अनेक तुटींचे मूळ तिथेच असते.

एवढे करूनही फरक राहिला तर तो माणसाच्या नावे न टाकता उचंत खात्यात ठेवावा आणि शोध चालू ठेवावा. संबंधित माणसाला एकट्याला, दार लावून, शांतपणे विचारावे. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे. शक्य असल्यास बाहेरच्या हिशेबतपासनिसाला कागद दाखवावेत, म्हणजे वादी आणि न्यायाधीश एकच राहत नाही. दोष सिद्ध झाला तर कारवाई अवश्य करावी. दोष नसल्याचे दिसले तर ज्या चारचौघांत संशय व्यक्त झाला, त्याच चारचौघांत तो मागे घ्यावा. ही शेवटची पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि तिचीच गरज सर्वाधिक असते.

कायद्याचे म्हणणेही यापेक्षा निराळे नाही. नुकसानीपोटी पगारातून कपात करण्यापूर्वी कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत अंतर्गत समिती आवश्यक आहे. त्याहून लहान दुकानातील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या आजाराला विम्याच्या बाबतीत शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरले आहे. एखाद्याची घालमेल वाढलेली दिसली तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याला जरूर द्यावा. तिथे रात्रंदिवस विनामूल्य समुपदेशन मिळते आणि मराठीतही बोलता येते. जीवन संपवण्याची भाषा कोणी बोलू लागले, तर ती कधीही थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे न सोडता त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

अभ्याख्यान

प्रतिक्रमणाला बसणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून अठरा पापस्थानके गेलेली असतात. प्राणातिपात, मृषावाद, अदत्तादान ही पहिली नावे लक्षात राहतात, कारण ती मोठी वाटतात. तेरावे नाव अभ्याख्यान. जे घडले नाही त्याचा आळ दुसऱ्यावर घेणे, असा त्याचा अर्थ. श्रावकाच्या सत्यव्रताच्या अतिचारांतही सहसाभ्याख्यान, म्हणजे विचार न करता एकदम कोणावर दोष ठेवणे, सांगितले आहे. अहिंसाव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण येते: आश्रितावर त्याच्या शक्तीपलीकडे भार लादणे. होरायझनसारखी प्रणाली कोणाच्या स्वप्नातही नव्हती, त्या काळी पूर्वाचार्यांनी गादीवर बसणाऱ्या गृहस्थाच्या नेमक्या चुका हेरून ठेवल्या होत्या. पाणी गाळून घेणाऱ्या, चालताना पायाखाली पाहणाऱ्या घरांत, एका वाक्याने माणसाची झोप उडवणारी हिंसा नजरेतून सुटू नये, एवढाच त्याचा आशय.

ब्रिटनमध्ये निर्दोष ठरलेल्यांना पुढे नुकसानभरपाई मिळू लागली. तरीही अनेकांची मागणी पैशांच्या पलीकडची होती. आपण चोर नव्हतो, हे ज्यांनी चोर म्हटले त्यांच्याच तोंडून त्यांना ऐकायचे होते. काहींच्या बाबतीत ते शब्द येईपर्यंत फार उशीर झाला होता. ऐकायला माणूस उरला नव्हता.

पर्युषणाच्या अखेरीस संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले जाते, दशलक्षण पर्वानंतर ‘उत्तम क्षमा’ मागितली जाते. नातेवाईक, व्याही, व्यापारी मित्र या सर्वांना संदेश जातात. मोबाइलमुळे तर एका क्षणात शेकडो जणांना. त्या यादीत गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचे नाव बहुधा नसते, कारण तो रोज समोरच असतो. त्या दिवशी दुकान उघडल्यावर मालकाने त्याच्यापाशी जाऊन, हात जोडून, झालेल्या प्रसंगाचे नाव घेऊन क्षमा मागितली, तर त्याला काय वाटेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

दिवाळीला नव्या वहीवर शुभ-लाभ लिहिताना जुन्या वहीतली येणी-देणी पुढे ओढली जातात. तेव्हा एक देणे तपासून पाहायला हरकत नाही: गेल्या वर्षात विनाकारण कोणाच्या नावे काही टाकले गेले आहे का, आणि असल्यास ते कोणासमक्ष जमा करून द्यायचे आहे.